ॲजाइल कोच होताना: जुनं काय न्यायचं, काय सोडायचं

जेफ सदरलँड १९६४ मध्ये वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि अमेरिकी हवाई दलात वैमानिक झाले. व्हिएतनाम युद्धात त्यांनी टेहळणीची विमानं उडवली. पुढे स्टॅनफर्डमध्ये संख्याशास्त्र शिकले, कोलोरॅडो विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत डॉक्टरेट केली आणि कर्करोगाच्या पेशींवर संशोधन केलं. १९८३ मध्ये ते बँकांची संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्या कंपनीत गेले. दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, ईझेल कॉर्पोरेशन या कंपनीत त्यांनी पहिली स्क्रम टीम उभी केली. आज जगभरातल्या लाखो लोकांच्या कामाचा दिवस ज्या पद्धतीने सुरू होतो, ती पद्धत अशा चार व्यवसायांतून फिरून आलेल्या माणसाच्या हातून घडली.

या प्रवासात त्यांनी प्रत्येक ठिकाणाहून काहीतरी बरोबर आणलं. बघ, परिस्थिती समजून घे, ठरव, कर आणि लगेच पुन्हा बघ, हे चक्र लढाऊ वैमानिकांच्या अंगवळणी पडलेलं असतं. स्क्रममधला दोन-चार आठवड्यांचा स्प्रिंट आणि त्यानंतरचा आढावा यांचं नातं या चक्राशी आहे, असं सदरलँड यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. पेशी एका स्थिर अवस्थेतून दुसऱ्या स्थिर अवस्थेत जाताना मधला काळ अस्थिरतेचा असतो, हे त्यांनी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. कंपन्या बदलतात तेव्हाही तसंच होतं, हे त्यांना पुढे ओळखता आलं.

कोचिंगच्या बाजूने पाहिलं तरी हेच दिसतं. १९७४ मध्ये ‘द इनर गेम ऑफ टेनिस’ लिहिणारे टिमथी गॅलवे टेनिस शिकवत होते. त्यांचे विचार ऑफिसच्या कामात आणणारे सर जॉन व्हिटमोर मोटार शर्यतींतले युरोपीय विजेते होते. त्यांचं ‘कोचिंग फॉर परफॉर्मन्स’ १९९२ मध्ये आलं. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कोच फेडरेशन, म्हणजे आयसीएफ, स्थापन करणारे थॉमस लेनर्ड आर्थिक सल्लागार होते. आणि २०१० मध्ये ‘कोचिंग ॲजाइल टीम्स’ लिहिणाऱ्या लिसा ॲडकिन्स मोठमोठे प्रकल्प आखणाऱ्या, राबवणाऱ्या प्रोजेक्ट मॅनेजर होत्या.

म्हणून चाळिशीच्या आसपास पोहोचलेला एखादा टेस्टर, टीम लीड किंवा बिझनेस ॲनालिस्ट जेव्हा विचारतो, की इतक्या वर्षांनी लाइन बदलणं शहाणपणाचं ठरेल का, तेव्हा पहिलं उत्तर हे, की या क्षेत्रात बहुतेक सगळे लाइन बदलूनच आलेले आहेत. खरा प्रश्न पुढचा आहे. येताना काय बरोबर घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं? या प्रकरणाचं म्हणणं असं, की जुन्या कामातलं ज्ञान पूर्णपणे बरोबर घ्यावं. त्या ज्ञानावर मान मिळवण्याची जी सवय लागलेली असते, ती मात्र सोडावी. या व्यवसायातली वाढ बहुतांशी या एका गोष्टीवर ठरते.

कोच नेमकं करतो काय?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात स्नोबर्ड या डोंगरी ठिकाणी १७ जण जमले. त्यांत केंट बेक, मार्टिन फाउलर, वॉर्ड कनिंगहॅम, केन श्वेबर, ॲलिस्टर कॉबर्न आणि खुद्द सदरलँड होते. त्यांनी चार मूल्यं आणि बारा तत्त्वं असलेला ॲजाइल जाहीरनामा लिहिला. त्यातलं शेवटचं तत्त्व असं, की टीमने ठरावीक काळाने थांबून आपलं काम अधिक चांगलं कसं होईल याचा विचार करावा आणि त्याप्रमाणे आपल्या पद्धतीत बदल करावा. जाहीरनाम्यात कोच हा शब्द कुठेही नाही. पण टीमने थांबून स्वतःकडे पाहायचं, तर ते घडवून आणणारं कोणीतरी लागतं, आणि ही गरज त्याआधीच दिसून आली होती. १९९६ च्या सुमारास क्रायस्लर कंपनीच्या पगारवाटपाच्या प्रकल्पावर केंट बेक यांनी रॉन जेफ्रीज यांना टीमचे कोच म्हणून आणलं होतं.

आज स्क्रम मास्टर सहसा एका किंवा दोन टीमबरोबर असतो. ॲजाइल कोचकडे अनेक टीम, त्यांचे मॅनेजर आणि कधीकधी अख्खा विभाग असतो. लिसा ॲडकिन्स आणि मायकेल स्पेड यांनी २०११ मध्ये या कामासाठी लागणाऱ्या क्षमतांचा एक आराखडा मांडला. त्यात चार कामं सांगितली आहेत: शिकवणं, स्वतःच्या अनुभवातून मार्ग दाखवणं, बैठका नीट घडवून आणणं आणि समोरच्याला स्वतःचं उत्तर शोधायला मदत करणं. याखेरीज तंत्रज्ञान, व्यवसाय आणि संस्थेतला बदल अशी तीन क्षेत्रं आहेत, ज्यांपैकी निदान एकात कोचची पक्की पकड असावी लागते. आणि या सगळ्याच्या खाली ॲजाइल स्वतः जगण्याचा, म्हणजे टीममध्ये राहून तसं काम केल्याचा अनुभव असावा लागतो.

या चार कामांतला फरक एका साध्या उदाहरणाने कळतो. टीमच्या स्टोऱ्या, म्हणजे कामाचे छोटे तुकडे, स्प्रिंटमध्ये संपत नाहीत. त्या लहान कशा करायच्या याचे प्रकार फळ्यावर समजावले, तर ते शिकवणं. ‘आमच्या टीमने पेमेंटची स्टोरी अशी तोडली होती’ असं सांगितलं, तर तो अनुभवाचा आधार. प्रॉडक्ट ओनर आणि डेव्हलपर यांना एकत्र बसवून, सगळ्यांना बोलू देऊन निर्णयापर्यंत नेलं, तर ते बैठक घडवणं. आणि ‘ही स्टोरी मोठी ठेवण्यात तुला काय सोयीचं वाटतं?’ असं विचारून पुढे शांत बसलं, तर ते कोचिंग. कोणत्या वेळी यातलं काय वापरायचं हे ओळखणं, हे या व्यवसायातलं खरं कसब आहे.

या कामाने काय साधतं, याचा भारताशी जोडलेला एक चांगला दाखला आहे. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत वापराच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त्या करणारी एक छोटी टीम हैदराबादमधून काम करत होती. कामाचे कागद उत्तम, प्रक्रिया नमुनेदार, तरीही एक बदल हातावेगळा व्हायला सुमारे पाच महिने लागायचे. कंपनीच्या आतले ग्राहक वैतागले होते. अमेरिकेतून हे काम पाहणारे ड्रॅगोश दुमित्रिउ आणि त्यांना मदत करणारे डेव्हिड अँडरसन यांनी टीमला जास्त वेळ थांबायला सांगितलं नाही, की नवं तंत्र शिकवलं नाही. वेळ कुठे जातो हे त्यांनी पाहिलं. आलेल्या प्रत्येक मागणीला किती दिवस लागतील याचा अंदाज देण्यातच टीमची एक तृतीयांशाहून अधिक ताकद खर्ची पडत होती, आणि त्यातल्या बऱ्याच मागण्या पुढे होतच नव्हत्या. मग अंदाज देणं बंद झालं. हातात एका वेळी किती कामं घ्यायची यावर मर्यादा आली. पुढे कोणतं काम घ्यायचं हे ग्राहकांनी आपसांत बसून ठरवायला सुरुवात केली. नऊ महिन्यांत तोच कालावधी सुमारे दोन आठवड्यांवर आला. यातूनच पुढे सॉफ्टवेअरमधली कानबान पद्धत आकाराला आली. टीमची कुवत आधीपासूनच होती. त्या कुवतीच्या वाटेत काय आडवं येतं हे कोणीतरी नीट पाहिलं, हा मुख्य फरक होता.

तुम्ही कुठून आलात?

प्रत्येक जुनं काम एक देणगी देतं आणि एक खोड लावतं. दोन्हींची नावं आधीच ठाऊक असलेली बरी.

प्रोजेक्ट मॅनेजर किंवा डिलिव्हरी मॅनेजर असलेल्याला संस्था कशी चालते हे कळतं. बजेट कोण मंजूर करतं, क्लायंटला वाईट बातमी कशी सांगायची, कोणत्या विभागाकडून परवानगी यायला वेळ लागतो, हे ज्ञान कोचला फार उपयोगी पडतं, कारण टीमच्या बहुतेक अडचणी टीमच्या बाहेर असतात. खोड अशी, की शांतता पसरली की तो लगेच काम वाटून देतो. स्टँडअपमध्ये, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीत, लोक एकमेकांशी बोलण्याऐवजी त्याच्याकडे बघून बोलतात आणि ते त्याला खटकत नाही. त्याने पहिले काही महिने स्टँडअपला मुद्दाम मागे, सगळ्यांच्या नजरेआड उभं राहावं.

डेव्हलपर किंवा आर्किटेक्ट असलेला कोणी आला, तर टीम त्याचा शब्द मानते. ऑटोमेटेड टेस्ट का लागतात, कोड रोज एकत्र का करायचा, हे तो करून दाखवू शकतो. तांत्रिक पाया कच्चा असेल तर नुसत्या बैठकांनी काही सुधारत नाही, हे त्याला सांगावं लागत नाही. त्याची खोड म्हणजे कीबोर्ड स्वतःकडे ओढणं. प्रश्न सुटतो, पण टीम तशीच राहते.

टेस्टरची नजर कोचच्या कामाला सगळ्यांत जवळची असते. ‘असं झालं तर काय?’ हा प्रश्न विचारायची त्याला सवय असते, आणि सगळ्यांना नको असलेली बातमी सांगायचंही बळ असतं. मात्र दोष शोधून नोंदवणं हे त्याचं काम होतं. आता दोष बोलून दाखवावासा वाटेल असं वातावरण तयार करणं हे काम आहे. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांमधल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीममध्ये औषधांच्या चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटे निघाले. चांगल्या टीममध्ये नोंदवलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. १९९९ मध्ये त्यांनी मांडलेली मानसिक सुरक्षिततेची कल्पना आज प्रत्येक कोचच्या हाताशी असते. बगचा आकडा बघून टीमची पारख करू पाहणाऱ्याने हा अभ्यास लक्षात ठेवावा.

बिझनेस ॲनालिस्टला ग्राहकाची भाषा आणि टीमची भाषा दोन्ही येतात. त्याला दोघांच्या मधून बाजूला व्हायला शिकावं लागतं, नाहीतर ती दोघं कधी थेट बोलतच नाहीत. शिक्षक, मनुष्यबळ विभागातले किंवा प्रशिक्षण क्षेत्रातले लोकही या व्यवसायात येतात. माणसांना ऐकण्याची त्यांची तयारी इतरांपेक्षा चांगली असते. त्यांनी सुरुवातीचे महिने डेव्हलपरच्या शेजारी बसून एक बदल लिहिल्यापासून ग्राहकापर्यंत कसा पोहोचतो हे टप्प्याटप्प्याने पाहावं. कोड लिहिता यायला हवा असं नाही, पण रिलीज अडली की ती कशाने अडली हे समजायला हवं.

या सगळ्या खोडींचं मूळ एकच आहे. आजवर उत्तर आपल्याकडे होतं म्हणून आपली किंमत होती. आपल्याकडे तर ही किंमत पदाशी घट्ट बांधलेली असते. ‘हाताखाली किती जण आहेत?’ हा प्रश्न अप्रेझलमध्ये येतो, लग्नकार्यात नातेवाईक विचारतात, नवी नोकरी देणाराही विचारतो. कोचच्या हाताखाली कोणी नसतं. सेवा देणाऱ्या कंपनीत तर त्याचे तास क्लायंटच्या बिलात बसवायचे कसे, हाही प्रश्न असतो. पंधरा वर्षं चढत आलेला माणूस इथे काही काळ अधिकाराविना उभा राहतो. ते जड जातं, आणि जड जाणार हे घरच्यांशीही आधी बोलून ठेवलेलं चांगलं.

आधी करून बघा, मग ठरवा

व्यवसाय बदलताना आपण सहसा आधी खूप विचार करतो. मला खरंच काय आवडतं, माझा पिंड काय, हे पक्कं झालं की पाऊल टाकू, असं ठरवतो. हर्मिनिया इबारा यांनी मध्यावर व्यवसाय बदललेल्या लोकांचा अभ्यास करून २००३ मध्ये ‘वर्किंग आयडेंटिटी’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष नेमका उलट आहे. ज्यांना बदल जमला त्यांनी आधी छोटे प्रयोग केले, नव्या वर्तुळातल्या लोकांमध्ये उठबस वाढवली आणि घडत गेलेल्या गोष्टींतून स्वतःविषयीची समज हळूहळू बदलली. करण्यातून कळत गेलं.

ॲजाइल कोच होऊ पाहणाऱ्यासाठी ही सोयीची गोष्ट आहे, कारण या कामाचे छोटे तुकडे आहे त्या नोकरीतच करता येतात. पहिला प्रयोग आपल्याच टीमची एक रेट्रो, म्हणजे स्प्रिंटनंतर मागे वळून पाहण्याची बैठक, चालवण्याचा. तयारी नीट करायची. एस्थर डर्बी आणि डायना लार्सन यांनी २००६ च्या ‘ॲजाइल रेट्रोस्पेक्टिव्ज’ या पुस्तकात तिचे पाच टप्पे सांगितले आहेत: वातावरण तयार करणं, काय घडलं ते गोळा करणं, का घडलं ते समजून घेणं, काय करायचं ते ठरवणं आणि समारोप. नवखे लोक पहिला आणि तिसरा टप्पा गाळतात. मग रेट्रोत तक्रारींची यादी होते आणि पुढच्या वेळी तीच यादी परत येते.

आपल्या ऑफिसांत यात आणखी एक अडचण असते. सीनियर बसलेला असेल तर ज्युनियर बोलत नाही. विचारलं तर ‘सगळं ठीक आहे’ हेच उत्तर मिळतं. यावर साधा उपाय आहे: आधी पाच मिनिटं सगळ्यांनी शांतपणे चिठ्ठ्यांवर लिहायचं, मग त्या फळ्यावर लावायच्या आणि सर्वांत नव्या माणसापासून वाचायला सुरुवात करायची. भाषेचीही मोकळीक द्यावी. इंग्रजीत अडखळणारा माणूस मराठीत किंवा हिंदीत नेमकं दुखणं सांगून जातो. आणि अप्रेझल लिहिणाऱ्या मॅनेजरला या बैठकीबाहेर ठेवायचं की आत, हे टीमला विचारूनच ठरवावं.

दुसरा प्रयोग अशा टीमबरोबर, जिथे आपलं काहीच चालत नाही. स्वतःच्या टीममध्ये लोक आपल्या पदामुळे ऐकतात की आपल्या बोलण्यामुळे, हे कळत नाही. दुसऱ्या टीमची रेट्रो चालवली की ते लगेच कळतं. तिसरा प्रयोग एखाद्या अनुभवी कोचबरोबर बसण्याचा. त्याची बैठक पाहायची, त्याने कुठे तोंड उघडलं आणि कुठे मिटून घेतलं हे टिपायचं, नंतर त्याला विचारायचं की तेव्हा मनात काय चाललं होतं. पुढे भूमिका बदलायची; तू पाहा, मी चालवतो. पुण्या-मुंबईत आणि बंगळुरूत ॲजाइलवाल्यांचे मेळावे होतात. तिथे भाषणांपेक्षा चहाच्या वेळी भेटणारी माणसं जास्त कामाची असतात.

हे सगळं काही महिने केल्यावर शक्यतो आपल्याच कंपनीत भूमिका बदलावी. तिथे माणसं ओळखीची असतात, धंदा माहीत असतो आणि नोटीस पिरियडची टांगती तलवार नसते. बाहेरच्या कंपनीत थेट कोच म्हणून जाण्याच्या इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच येणार, की कोणत्या टीममध्ये काय बदललं आणि त्यात तुमचा वाटा काय होता. त्याचं खरं उत्तर तोवर तयार झालेलं असतं.

प्रमाणपत्रांची जागा

बाजारात प्रमाणपत्रं पुष्कळ आहेत आणि नोकरीच्या पहिल्या चाळणीत ती लागतात, हे मान्य करून त्यांच्याकडे पाहावं. स्क्रम अलायन्सचं सीएसएम एका छोट्या वर्गानंतर आणि परीक्षेनंतर मिळतं, आणि दर दोन वर्षांनी त्याचं नूतनीकरण करावं लागतं. केन श्वेबर यांनी २००९ मध्ये काढलेल्या स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसएम पहिल्या पातळीची परीक्षा ६० मिनिटांत ८० प्रश्नांची असते, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के गुण लागतात आणि ते प्रमाणपत्र कायम टिकतं. या परीक्षा स्क्रमचे नियम ठाऊक आहेत एवढं सांगतात. समोर रागावलेला डेव्हलपर बसला असताना काय करायचं, हे त्या विचारू शकत नाहीत.

याच्या तुलनेत आयसीएफच्या पातळ्या बघा. पहिल्या पातळीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. दुसऱ्या पातळीला १२५ तासांचं शिक्षण आणि ५०० तास, आणि सर्वोच्च पातळीला २०० तासांचं शिक्षण आणि २५०० तास. आकड्यांचं प्रमाण पाहिलं की मुद्दा लक्षात येतो: जसजसं वर जावं तसतसा वर्गातला वेळ मागे पडतो आणि माणसांबरोबरचा वेळ कित्येक पटींनी वाढतो. प्रत्येक ॲजाइल कोचने आयसीएफकडे जायलाच हवं असं नाही. पण स्वतःच्या शिकण्याचा हिशेब याच प्रमाणात ठेवावा. एक कोर्स झाला की त्यातली एक गोष्ट निदान एका टीमबरोबर करून होईपर्यंत पुढचा कोर्स घेऊ नये.

ऐकण्याचा सराव

चार कामांपैकी कोचिंग हे सर्वांत उशिरा येतं. व्हिटमोर यांनी लोकप्रिय केलेली ‘ग्रो’ ही रचना सुरुवातीला आधार देते: काय साधायचं आहे, आज स्थिती काय आहे, पर्याय कोणते, आणि यातलं काय नक्की करणार. समजा, खराडीतल्या एका कंपनीत टीम लीड नव्या कोचला कॅन्टीनमध्ये गाठतो.

“रिलीज पुन्हा चुकणार. टेस्टिंगला वेळच उरत नाही यार.”

पूर्वीचा मॅनेजर म्हणाला असता, ‘शनिवारी सगळे येऊया.’ कोच विचारतो, “गेल्या स्प्रिंटला टेस्टरच्या हातात पहिली स्टोरी कितव्या दिवशी गेली?”

“बघावं लागेल… आठव्या. दहातल्या आठव्या दिवशी.”

“ती चौथ्या दिवशी जायची असेल तर काय बदलावं लागेल?”

टीम लीड थोडा वेळ गप्प बसतो. कोचही गप्प बसतो. “आम्ही सगळे पहिल्याच दिवशी सगळ्या स्टोऱ्या उघडतो. प्रत्येकाची आपली वेगळी. दोघा-दोघांनी मिळून एकेक संपवली तर लवकर जाईल. पण मॅनेजरला वाटेल अर्धे लोक रिकामे आहेत.”

“किती स्टोऱ्यांवर करून पाहशील?”

“एकीवर बघतो. मॅनेजरला आधी सांगतो.”

उत्तर कोचला पहिल्या वाक्यातच दिसलेलं असू शकतं. एका वेळी कमी कामं हातात घ्या, हे हैदराबादच्या टीमनेही दाखवून दिलं आहे. पण ते कोचने सांगितलं असतं, तर मॅनेजरच्या भीतीची गोष्ट बाहेर आली नसती, आणि पहिल्या अडथळ्याला ‘कोचने सांगितलं म्हणून केलं’ असं झालं असतं. आता निर्णय टीम लीडचा आहे, तो निभावण्याची जबाबदारीही त्याने घेतली आहे, आणि कोचला आपलं पुढचं काम कळलं आहे: त्या मॅनेजरबरोबर बसणं.

मात्र प्रत्येक वेळी प्रश्नच विचारायचे, हाही अतिरेक आहे. सर्व्हर बंद पडला असेल, तर माहीत असलेला उपाय सरळ सांगावा. टीम अगदी नवी असेल, तर आधी करून दाखवावं. कॉबर्न यांनी जपानी युद्धकलेतून घेतलेले तीन टप्पे इथे उपयोगी पडतात: आधी सांगितलं तसं करा, मग त्यात फेरफार करून पाहा, मग स्वतःची पद्धत घडवा. पहिल्या टप्प्यावरच्या टीमला ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच विचारत राहिलं, तर ती एकटी पडते.

नोकरीची शाश्वती

हा व्यवसाय निवडताना त्याची डळमळीत बाजूही पाहिली पाहिजे. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन या मोठ्या बँकेने ॲजाइलसाठीच्या खास भूमिका बंद केल्या. त्यात सुमारे ११०० पदं गेली. ही कामं इंजिनियर आणि प्रॉडक्ट मॅनेजर यांच्या नेहमीच्या कामात मिसळतील, अशी बँकेची भूमिका होती. इतर ठिकाणीही कोचचं काम मॅनेजर किंवा सीनियर इंजिनियरकडे जाताना दिसतं.

याचा अर्थ काम संपलं असा नाही. टीमला थांबून स्वतःकडे पाहायला मदत करणारं माणूस यापुढेही लागणारच. पण फक्त बैठका भरवणारा आणि बोर्डावरच्या चिठ्ठ्या हलवणारा कोच टिकणं अवघड आहे, आणि ते योग्यही आहे. टिकायचं असेल तर आपल्या जुन्या ज्ञानाशी नाळ जोडलेली ठेवावी. टेस्टर असाल तर ऑटोमेशनमध्ये काय नवं चाललं आहे ते माहीत ठेवा. बँकिंग किंवा विमा क्षेत्र जाणत असाल तर ते विसरू नका. ॲडकिन्स आणि स्पेड यांच्या आराखड्यात तंत्रज्ञान आणि व्यवसायावरची पकड उगाच मांडलेली नाही. पदाचं नाव उद्या बदललं, तरी रिलीज लवकर करून दाखवणाऱ्या आणि माणसांना बोलतं करणाऱ्या माणसाला जागा मिळते.

वाढ मोजायची कशी?

जुन्या कामात वाढ दिसत होती: बढती, टीमचा आकार, पगारवाढ. इथे वेगळ्या खुणा शोधाव्या लागतात. काही खुणा आकड्यांत असतात. काम हातात घेतल्यापासून ग्राहकापर्यंत पोहोचायला किती दिवस लागतात? दोष उशिरा सापडतात की लवकर? मात्र हे आकडे टीमने स्वतःसाठी पाहावेत. मॅनेजरने दोन टीमची तुलना करण्यासाठी वापरले, की लोक आकडे सजवू लागतात.

इतर खुणा वागण्यात दिसतात. आपण रजेवर असताना रेट्रो झाली का, आणि बरी झाली का? अडचण आधी कोण बोलतं, आपण की टीम? प्रॉडक्ट ओनरला ‘हे या स्प्रिंटला जमणार नाही’ असं डेव्हलपर स्वतः सांगू लागला का? आपल्याकडे पाहून आणखी कोणी रेट्रो चालवायला पुढे आलं का? आणि स्वतःपुरतं पाहायचं तर दर आठवड्याला एक प्रसंग वहीत उतरवावा: मी काय पाहिलं, त्यावरून काय गृहीत धरलं, काय केलं, आता काय वेगळं करेन. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकात दाखवलं, की निष्णात व्यावसायिक काम करता करताच आपल्या करण्यावर विचार करत असतो. वहीने ती सवय लागते. सहा महिन्यांनी वही उलगडली, की आपली गृहीतकं बदलली की तीच राहिली हे स्वच्छ दिसतं.

या सगळ्या खुणांमध्ये एक गोष्ट समान आहे. श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. रिलीज वेळेवर गेली की टाळ्या टीमला मिळतात आणि मिळायलाच हव्यात. कोचला मान मिळतो, पण तो उशिरा आणि दुसऱ्यांच्या यशातून मिळतो. ज्याला या मांडणीत समाधान वाटतं, त्याने वयाचा किंवा जुन्या लाइनचा विचार न करता यावं. त्याच्या अनुभवाला इथे पुरेपूर वाव आहे. ज्याला स्वतःच्या हातांनी घडवलेलं काम स्वतःच्या नावाने उभं राहिलेलं हवं असतं, त्याची इच्छाही तितकीच मोलाची आहे. त्याने उत्तम आर्किटेक्ट किंवा उत्तम डिलिव्हरी मॅनेजर व्हावं आणि या प्रकरणातलं जे उपयोगी वाटेल ते तिथेच वापरावं. आपण कोणत्या प्रकारचे आहोत हे घरी बसून ठरत नाही. पुढच्या स्प्रिंटच्या अखेरीस एक रेट्रो मागून घ्या, ती चालवा आणि टीमने स्वतःहून घेतलेला निर्णय ऐकताना आपल्याला आनंद होतो की हुरहूर लागते, याकडे नीट लक्ष द्या. लाइन बदलायची की नाही, हे ठरवायला त्याहून चांगली माहिती कुठल्याही कोर्समधून मिळणार नाही.